पाणचिऱ्यांच्या बेटावर लाल झेंडी

पक्ष्यांची अंडी वाचवायला म्हणून मी चंबळेतल्या एका बेटावर गेलो आणि गेल्या गेल्या त्या अंड्यांवरच बसलो.

यात पांघरूण घालण्यासारखं काही नाही. अंधार नव्हता, पाय घसरला नव्हता, कुणी ढकललंही नव्हतं. चांगली उजळ सकाळ होती. बैलगाडीने हाडं खिळखिळी केली होती, समोर स्वच्छ कोरडी वाळू पसरलेली दिसली आणि मी "हुश्श" करून बसलो. खाली काहीतरी कुरकुरलं. मग ओलं लागलं.

"हलू नका!" कुसुमताई ओरडल्या.

मी हललो नाही. डोक्यावर दहा-वीस पक्षी किंचाळत घिरट्या घालायला लागले, तरी मूर्तीसारखा बसून राहिलो. ताई जपून पावलं टाकत जवळ आल्या, वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "उठा आता, दामोदरराव. हललात काय नि न हललात काय, त्यांना आता सारखंच."

मी उठलो. धोतराच्या मागच्या अंगाला पिवळा नकाशा उमटला होता. मी भूगोलाचा मास्तर असल्यामुळे नकाशा म्हणतो.

कुसुमताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. नवरा अकाली गेल्यावर सासरच्यांनी "आता घरात बसायचं" असं सांगितलं, म्हणून त्या बी.एस्सी. झाल्या. असा त्यांचा स्वभाव. उज्जैनच्या मुलींच्या शाळेत त्या जीवशास्त्र शिकवतात आणि सुटीत नद्या-तळी पालथी घालतात. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी या बेटावर पाणचिऱ्यांची वसाहत पाहिली. पाणचिरा वरून काळा, खालून पांढरा, चोच केशरी; आणि त्या चोचीचा खालचा भाग वरच्यापेक्षा लांब, म्हणजे देवाने मापात गडबड केल्यासारखा. पण तो ती खालची चोच पाण्यात बुडवून नदीवरून सरळ रेघ ओढत जातो तेव्हा कापडवाला थान फाडतो त्याची आठवण होते. घरटं कसलं ते नाहीच. वाळूत एक खळगा, त्यात वाळूच्याच रंगाची अंडी.

तर गेल्या वर्षी काय झालं, की वैशाखात पाणी उतरलं, गावाकडची धार आटली आणि बेट काठाला जोडलं गेलं. कोल्ही आणि कुत्री चालत आत आली. ताई सकाळी पाहतात तो नुसती टरफलं. एक पिल्लू उडालं नाही. त्या उज्जैनला परत आल्या त्या जळफळतच.

या वर्षी त्यांनी ठरवलं, त्या धारेच्या तोंडाशी वाळूचा बांध साचतो तो खोदायचा, पाणी आत घ्यायचं, आणि पिल्लं उडेपर्यंत बेटाला बेट ठेवायचं.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला, आंब्याची डाळ वाटता वाटता, त्यांनी ही सहल जाहीर केली. "पक्षी बघायचे, घडियाल बघायचे, आणि फावडं मारायचं." डाळ चांगली जमली होती, त्यामुळे पुष्कळ हात वर झाले. पण देवास गेटला बसच्या वेळी उभा होतो तो मी एकटा. मी तरी का? तर मेव्हणीला नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही.

तिसरे रहमतभाई. हे उज्जैनलगतच्या भैरवगढचे छिपे, लाकडी ठशांनी कापड छापणारे. अंथरायला मी त्यांच्याकडून एक भलीमोठी जाजम मागून आणली होती, लालभडक, काळ्या वेलबुट्टीची. ती घेऊन ते बसपर्यंत पोहोचवायला आले आणि माझ्याकडे एकवार नीट पाहून म्हणाले, "जाजम अकेली नहीं जाएगी, मास्टरसाब. मैं भी चलता हूँ."

वाळू

बेटावर आम्ही होडीने गेलो नाही, चालत गेलो. घोट्याएवढं पाणी होतं. गेली कित्येक वर्षं मी फळ्यावर लिहीत आलो आहे, की चारही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या भूभागास बेट म्हणतात. तरी चपला हातात घेऊन बेटावर चालत जाताना मला त्यात काही खटकलं नाही.

पुण्याचे माझे चुलते पत्रात दर वेळी विचारतात, "तुम्ही आता कुठल्या राज्यात?" पणजोबा शिंद्यांच्या दप्तरात कारकून होते तेव्हा ग्वाल्हेर राज्य होतं. मग मध्यभारत झालं. आता म्हणे तेही मोडून भोपाळला नवं राज्य होणार, आणि त्याच वेळी तिकडे मराठी लोकांचं वेगळंच रणकंदन चाललेलं. चुलत्यांना वाटतं, आम्ही हिंदीच्या समुद्रातलं एक बेट आहोत. असू. पण आमची धार कधीच आटली. पोहे आमचे, त्याच्याबरोबर जिलबी चालत आत आली आणि पुन्हा गेलीच नाही.

जाजम पसरली मात्र, सगळी वसाहत आकाशात. इतकं लाल त्या वाळूवर कधी कुणी पाहिलं नसावं. "गुंडाळा ती!" ताई म्हणाल्या. पक्षी वर असले की अंडी उघडी पडतात आणि वैशाखाच्या उन्हात ती वाळूतच उकडून निघतात. म्हणून पाणचिरे काय करतात, तर नदीवर जाऊन पोट भिजवून आणतात आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसतात. हे मी स्वतः पाहिलं. मीही ओला होऊन अंड्यांवर बसलो होतो, पण क्रम चुकला होता.

आम्ही वसाहतीपासून दूर, झाऊच्या झुडपांमागे बिऱ्हाड केलं. जाजमीवर वाळू टाकून तिचा रंग झाकला. रहमतभाईंनी तोंड फिरवलं.

खोदकामाविषयी सांगतो. ओल्या वाळूत फावडं मारलं की ती निमूट निघते. तुम्ही खूश होता. पुढचं फावडं मारेपर्यंत ती दोन्हीकडून घसरून जिथे होती तिथे परत येते. दुपारपर्यंत आम्ही तिघांनी जे खोदलं त्यात एक म्हैस लोळली असती तर तिची पाठसुद्धा भिजली नसती. माझ्या हाताला फोड आले. मी ते ताईंना दाखवले. त्यांनी आपले दाखवले. मी हात खाली केले.

रहमतभाईंनी गोवऱ्यांत बाफले भाजले. बाफला म्हणजे कणकेचा गोळा आधी उकडायचा, मग भाजायचा, मग तुपात बुडवायचा आणि डाळीत चुरायचा. पुण्याच्या लोकांना हे एकदा खायला घालून त्यांचं दुपारचं बोलणं बंद करावं असं माझ्या मनात आहे. आईने निघताना मला बजावलं होतं, की ताईंच्या हातचंच खा, दुसऱ्या कुणाच्या नको. मी ते ताईंना हळूच सांगितलं.

"मी खोदते आहे," ताई म्हणाल्या. "आईंना म्हणावं, सोवळं धारेपलीकडे ठेवलं आहे. पाणी आलं की मग आणू." आणि त्यांनी रहमतभाईंसमोर ताट धरलं. मी दोन बाफले जास्त खाल्ले.

संध्याकाळी वाळूवर घडियाल पाहिला, ज्याला आपण सुसर म्हणतो. लांबच लांब निमुळता जबडा, आणि नराच्या नाकावर मडक्यासारखा गोळा. मी धोतराचा डाग धुवायला पाण्यात उतरलो होतो. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं, आणि तो कंटाळल्यासारखा नदीत शिरला. डाग निघाला नाही. रहमतभाई म्हणाले, "पक्का रंग है, मास्टरसाब. हमको इसके लिए कितनी मेहनत करनी पड़ती है, और आप एक बार बैठे और हो गया."

लाल झेंडी

दुसऱ्या दिवशी काठावरून एक मनुष्य आला. डोक्याला साफा, पायांत मोजडी. मोजडी काढून हातात घेतली, धोतर सावरलं, आणि पाणी ओलांडताना त्या अपमानाने चेहरा लांब केला. हा ठाकूरसाहेबांचा कामदार, म्हणजे कारभारी. ठाकूरसाहेब हे काठावरच्या गावाचे पूर्वीचे जहागीरदार.

"खुदाई बंद कीजिए," तो म्हणाला. "परसों हुजूर शिकार को पधार रहे हैं. जीप इधर से उतरेगी. कल गाँववाले आकर रपटा डालेंगे."

रपटा म्हणजे धारेत काटक्या, चारा आणि वाळू भरून केलेला रस्ता. दर वर्षी वैशाखात हुजूर बेटावर तंबू ठोकतात, घडियाल मारतात, पाहुण्यांना नेमबाजी दाखवायला पाणचिरेही मारतात. आधी हत्ती यायचा, आता जीप.

ताई फावड्यावर हात टेकून उभ्या होत्या. "जागीरदारी तो ख़त्म हुई ना, कामदारजी?"

"काग़ज़ पर."

"हम भी काग़ज़वाले ही लोग हैं. काग़ज़ पर ख़त्म मतलब ख़त्म."

"सुना है मध्यभारत भी ख़त्म हो रहा है," कामदार हसला. "नया राज आएगा तब आएगा. नदी पर तब तक हुजूर का हुकम. और बाई साब, नीचे बाँध बन रहा है. दो-चार साल में ये टापू, ये चिड़िया, सब पानी के नीचे. किसके लिए खोद रहे हैं आप?"

हे खरं होतं. खाली धरणाचं काम जोरात चालू होतं, आणि हा प्रश्न माझ्याही मनात आला होता. फोड आल्यापासून तर फारच. मी ताईंकडे पाहिलं.

"धरण होईल तेव्हा होईल," ताई मराठीतच म्हणाल्या, कामदाराला कळो न कळो. "या वर्षीची पिल्लं या वर्षी उडणार." आणि पुन्हा फावडं मारलं.

कामदार गेला. मीही पेटलो होतो. आपणही काहीतरी बाणेदार करावं असं फार वाटत होतं, आणि खोदणं तर नकोसं झालं होतं. माझा धाकटा भाऊ रेल्वेत गार्ड आहे. लाल झेंडी दाखवली की मेलगाडीसुद्धा थांबते, मग ठाकूर कोण लागून गेला? मी जाजमीच्या कोपऱ्याची एक हातभर पट्टी फाडली, काठीला बांधली, आणि जिथे लोक पाणी ओलांडून बेटावर चढतात बरोबर तिथे रोवली. वाळूत काठी कलायला लागली. मग नदीतून एक दगड उचलून आणून बुडाशी लावला. दगड गोल होता, काळा होता. आडवा ठेवला तर काठी पडत होती, म्हणून उभा केला.

आता माळव्यातला कुठलाही वाचक इथे कपाळाला हात लावील. मी उज्जैनला जन्मलो. भैरवगढला काळभैरवाला दारूचा नैवेद्य दाखवतात हे मी लहानपणापासून पाहतो आहे. रस्त्याच्या कडेला लाल झेंडी आणि उभा काळा दगड म्हणजे काय, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण मी रेल्वेचा विचार करत होतो.

सकाळी जाग आली ती घंटेने.

अर्धं गाव पाणी ओलांडून येत होतं. बायकांच्या हातांत नारळ, ताटं, सिंदूर. एका मिशाळ माणसाने पदराआड बाळ धरावं तशी उपरण्याखाली मोहाची बाटली धरली होती. दगड तोवर शेंदरी झाला होता. उज्जैनहून काही माणसं आली आहेत, अंधार पडायच्या आत त्यांनी झेंडी लावली, म्हणजे खुद्द भैरवगढचे भेरूजी, अर्थात काळभैरव, नदीवर पधारले आहेत, असा गावाने हिशेब केला होता. चूक कुणाची? त्यांची नाही.

आणि वर आकाशभर पाणचिरे. एकही खाली उतरायला तयार नाही.

ताई पळत आल्या. त्यांनी झेंडी पाहिली, दगड पाहिला, मला पाहिलं. "दामोदरराव," त्या अगदी हळू म्हणाल्या, "ऊन चढतंय. अंडी उघडी आहेत. काय केलंत हे?"

रहमतभाईंनी झेंडीचं कापड ओळखलं होतं. "मेरी जाजम फाड़ी," ते म्हणत होते. "कोने से फाड़ी! बीच से फाड़ते तो समझता, पागल है. कोने से मतलब सोचकर फाड़ी."

मला तेवढ्यात एक कल्पना सुचली, आणि खरं सांगतो, ती मला अजूनही बरी वाटते. "ताई," मी कुजबुजलो, "एवढी माणसं आयती आली आहेत. भेरूजींची इच्छा आहे, धार खोदा, एवढंच आपण म्हणायचं. तासाभरात पाणी आत."

"खोटं बोलून?"

"थोडंसं. देवाच्या नावाने."

"आणि उद्या दुसऱ्या कुणी सांगितलं, की भेरूजींना रपटा हवा, की परवा हेच लोक तो भरतील. नाही. झेंडी तुम्ही लावलीत. तुम्हीच काढा, आणि कशाला लावली होती ते सांगा यांना. लवकर."

वर्गात मुलांसमोर बोलणं वेगळं आणि नारळ हातात घेतलेल्या गावासमोर बोलणं वेगळं. मी झेंडी उपटली. लोकांत एक सुस्कारा उठला. मी म्हणालो, "भाइयो, बहनो, ये भेरूजी नहीं हैं. ये झंडी मैंने लगाई. रुक जाओ, ऐसा बोलने के लिए लगाई. पत्थर भी मेरा है."

वर पक्षी किंचाळतच होते. मी माझ्या पायांकडे पाहून पळायचा रस्ता कुठून आहे त्याचा अंदाज घेत होतो.

पुढे एक म्हातारी उभी होती, भूरीबाई. काठीसारखी वाळलेली, हातांत चांदीची जाड कडी. गावात तिचा शब्द चालतो हे तिच्या मागे लोक ज्या तऱ्हेने उभे होते त्यावरूनच कळत होतं. तिने बाटलीवाल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तो इनी दारू को कईं करां?" तिने विचारलं.

"भेरूजी का नाम की निकाली हे," बाटलीवाला घाईघाईने म्हणाला, "पाछी घरे नी ली जई सकां." आणि बूच काढून त्याने तो प्रश्न स्वतःपुरता तिथेच सोडवला. लोक हसले. मी श्वास घेतला.

मग ताई बोलल्या. हात जोडून नाही, समजावून नाही. शाळेत बोलतात तशाच. वर बोट दाखवून म्हणाल्या, की या पाखरांची अंडी तिकडे उन्हात पडली आहेत. गेल्या साली धार आटली, कोल्ही आली, एक पिल्लू राहिलं नाही. धार वाहती राहिली तर राहतील. आम्ही खोदायला आलो आहोत. ज्याला खोदायचं असेल त्याने यावं. नसेल त्याने पलीकडच्या काठावर जावं, पण इथे उभं राहू नये.

भूरीबाई ताईंच्या हातांकडे पाहत होती. फोड फुटून चिंध्या बांधल्या होत्या. "बामण की बई हे नी तू? खोदी री हे?"

"हो. खोद रही हूँ."

नेमका तेव्हाच काठावरून कामदाराचा आवाज आला. तो टोपल्या आणि काटक्यांचे भारे घेऊन उभा होता आणि ओरडत होता, "चलो रे! रपटे पे लगो! हुजूर कल पधार रिया हे!"

कुणी हललं नाही. भूरीबाईने सावकाश मान वळवली. पुढचं ती कामदाराला म्हणाली की गावाला की स्वतःला, मला सांगता यायचं नाही. "हर साल इनी धार के हमज भरता था. बेगार में. म्हारा आदमी की कमर इनीज रेती में टूटी. भरी-भरी ने मरी ग्यो."

तिने हातातला नारळ एका बाईकडे दिला, पुढे आली आणि बाजूला पडलेलं माझं फावडं उचललं. "भरवा को तो घणो भर्यो. आज खोदां."

धार

असं खोदणं मी आयुष्यात पाहिलं नाही. ज्या टोपल्या धार भरायला आणल्या होत्या त्याच टोपल्यांनी ती उपसली गेली. काटक्यांचे भारे दोन्ही बाजूंना लावले, म्हणजे वाळू घसरेना. वसाहतीकडे कुणी फिरकायचं नाही, बोलायचं हळू, असं ताईंनी सांगितलं होतं. भूरीबाईने ते मालवीत आणि जरा तिखट करून सांगितलं. कामदार काठावर सावलीचा शोध घेत फिरत होता. "हुकम हे!" तो अधूनमधून ओरडायचा. "हुकम तो ग्यो, कामदारजी," बाटलीवाला खड्ड्यातून आनंदाने उत्तर द्यायचा.

पाणचिरे एकेक करून खाली उतरायला लागले. किती अंडी उन्हाने गेली ते आम्हाला कळणार नव्हतं. ताईंनी तिकडे एकदाच पाहिलं आणि पुन्हा टोपली उचलली.

पुढच्या दिवशी, उन्हं कलायला लागण्याआधी, बांध फुटला. आधी चहाच्या बशीएवढी ओल, मग एक रेघ, आणि मग चंबळ आत आली. सगळ्यांनी हात वर केले, पण ओरडलं कुणी नाही, ताईंची ताकीद होती. असा मुका जल्लोष मी पहिल्यांदा पाहिला. मी पंचा नेसून खोदत होतो, आणि ते डागाचं धोतर काठाशी वाळत घातलं होतं; तो डाग कसा पडला हे रहमतभाईंनी एव्हाना सगळ्या गावाला सांगितलं होतं. नव्या धारेने पहिली गोष्ट कोणती नेली असेल तर ते धोतर. नकाशा वाहून गेला. पंचाही मी ते पकडायला धावलो त्या भानगडीत गेला. तो कसा ते मी इथे सांगणार नाही. रहमतभाईंनी उरलेली जाजम माझ्या अंगावर फेकली आणि मी ती गुंडाळून घेतली. तेवढ्यात काठावर जीप आली.

ठाकूरसाहेब म्हणजे भरदार मिशीचे, वयस्क, देखणे गृहस्थ. मागे दोन पाहुणे, बंदुका, साखळीला कुत्री. कामदार हात जोडून काहीतरी सांगत होता. धार दोन पुरुष रुंद वाहत होती, आणि पलीकडे, बेटाच्या कडेला, सगळं गाव उभं होतं. मधोमध काळ्या वेलबुट्टीच्या लाल जाजमीत, फावडं धरून, मी.

"ये साधू कौन है?" ठाकूरसाहेब गरजले.

"हुजूर, माट साब है," भूरीबाई म्हणाली.

"क्यों मास्टर, ये क्या किया है तुमने यहाँ?"

मी मनात फार तेजस्वी वाक्यं जुळवली होती. स्वातंत्र्य, कायदा, प्रजा, असं बरंच काही होतं त्यांत. पण तोंड उघडलं तेव्हा वर्षानुवर्षांची सवय बाहेर आली. "चारों ओर से पानी से घिरे हुए भूभाग को," मी म्हणालो, "द्वीप कहते हैं."

"क्या?"

"द्वीप," भूरीबाईने त्यांना समजावून सांगितलं.

ठाकूरसाहेबांचा चेहरा लाल झाला. "उतारो जीप!" ड्रायव्हरने उतरवली. पुढची चाकं पाण्यात शिरली, ओली वाळू त्यांची वाट पाहतच होती, आणि जीप गुडघे टेकल्यासारखी खाली बसली. इंजिन घुरघुरलं आणि बंद पडलं.

"धक्का लगाओ!"

हा हुकूम गावाला होता. भूरीबाईने लुगड्याचा घोळ सावरला आणि ती वाळूवर बसली. तिच्या शेजारी बाटलीवाला बसला. मग सगळं गाव बसलं, पंगतीला बसावं तसं. मीही बसलो, अर्थात आधी खाली नीट पाहून.

ठाकूरसाहेबांनी बंदूक घेतली. मी जाजम नाकापर्यंत ओढून घेतली. त्यांनी नळी वर केली आणि बार काढला.

सगळी वसाहत उठली. आकाशात काळं-पांढरं कापड झटकावं तसं झालं, आणि त्या कल्लोळात कुणाला काही ऐकू येईना. ताई बंदुकीकडे पाहत नव्हत्या. उघड्या वाळूकडे पाहत होत्या. मग त्या धारेत उतरल्या, कमरेएवढ्या पाण्यात गेल्या आणि ठाकूरसाहेबांच्या समोर उभ्या राहिल्या.

"हो गया?" त्या म्हणाल्या. "अब जाइए. आप खड़े हैं, इसलिए वो बैठ नहीं रहे."

ठाकूरसाहेब त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांना आजवर पुष्कळ लोकांनी पुष्कळ कारणं सांगितली असतील, पण पाखरांना अंड्यांवर बसायचं आहे, तुम्ही बाजूला व्हा, असं कुणी म्हटलं नसणार. त्यांनी बंदूक पाहुण्याच्या हातात दिली. जीप त्यांच्याच माणसांनी आणि दोन्ही पाहुण्यांनी ढकलून मागे काढली. पाहुण्यांचे बूट चांगले होते. कामदार सर्वांत मागून ढकलत होता.

धूळ बसली. मग पाणचिरे उतरले. नदीवर जाऊन, पोट भिजवून, प्रत्येक जण बरोबर आपल्याच खळग्यावर. एवढ्या सारख्या वाळूत त्यांना आपला खळगा कसा सापडतो, हे ताईंनाही सांगता आलं नाही.

पीठ संपेपर्यंत आम्ही राहिलो. त्या दिवसांत पहिली पिल्लं निघाली; म्हणजे वाळूच्या चिमटीला पाय फुटले आणि ती पळायला लागली. त्यांना उडायला अजून अवकाश होता. पण पाणी उतरलं की पुन्हा खोदू, रात्री कुत्री आली तर हाकलू, असं भूरीबाईने सांगितलं होतं, आणि तिचा नवरा जी धार भरत मेला ती तिच्या देखत कुणी आता बुजवणार नव्हतं. शेंदरी दगड तेवढा तिने हलवू दिला नाही. "रेवा दो. आया था तो बैठा रे."

निघताना गावाने आम्हाला होडीतून पलीकडे सोडलं. होडीतून! मी ऐटीत उभा होतो. अंगात बाटलीवाल्याचं धोतर, खांद्यावर कोपरा फाटलेली जाजम. रहमतभाई तिच्या दुसऱ्या टोकाला धरून होते, मी पुन्हा फाडू नये म्हणून. एक मोहीम यशस्वी करून परतणाऱ्या माणसाने दोन शब्द बोलावेत असं मला वाटलं. मी भूरीबाईला म्हणालो, "माँजी, अगले साल हम फिर आएँगे. बोलो, क्या-क्या इंतजाम करके आऊँ?"

भूरीबाईने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"बई ने भेजजो," ती ताईंकडे बोट दाखवून म्हणाली. "तम घरेज रीजो, माट साब. तम जां बेठो, वां अंडा फूटे."